कळंबोलीच्या जमिनीचा भाव वाढवला कोणी आणि वाढ गेली कुठे?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय आपल्या घराखालच्या जमिनीचा आहे. सवडीने वाचा.

अटल सेतू झाला, विमानतळ झाला आणि कळंबोलीत जो तो भावाचं बोलायला लागला. जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट तोच, भिंती त्याच, पावसाळ्यातली गळतीही तीच. तरी भाव वाढतो. ही वाढ आपण काही कष्ट करून कमावलेली नाही, ती सरकारी निर्णयातून आली. मग तिच्यातला काही वाटा सार्वजनिक तिजोरीत जावा का? असं नुसतं विचारलं तरी लोक चिडतात. पण आपण राहतो त्याच जमिनीवर हा प्रयोग एकदा होऊन गेलाय.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच, योजनेमुळे किंमत वाढली तर मालकाकडून वाढीतला हिस्सा घेण्याची तरतूद होती. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेसाठी ही मर्यादा वाढीच्या निम्म्यापर्यंत आहे. महसूल खात्यात तर 'अनर्जित रक्कम' असा शब्दच आहे. वर्ग-२ ची जमीन विकताना भरावा लागणारा नजराणा त्याच हिशेबातला.

नवी मुंबईत मात्र कर लावत बसले नाहीत, थेट जमीनच घेतली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. हिशेब सरळ होता. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते, पाणी, गटारं करायची, भूखंड वाढलेल्या भावाने विकायचे आणि त्या पैशांतून पुढचं शहर उभं करायचं. वाढ जनतेमुळे झाली, म्हणून ती जनतेच्या शहराला.

ऐकायला न्याय्य वाटतं ना? आता दुसरी बाजू बघा. १८९४ चा भूसंपादन कायदा सांगत होता की भरपाई अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने द्यायची आणि प्रकल्पामुळे होणारी वाढ त्यात धरायचीच नाही. म्हणजे आमच्या आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्याच्या वाढीवर जणू शंभर टक्के कर. त्याच जमिनीवर ज्याने सिडकोचा भूखंड घेतला, त्याच्या भूखंडाचा भाव पुढे दहापट झाला तरी वाढ त्याची. सिडकोला मिळणार ते हस्तांतरण शुल्क. एकाकडून सगळी वाढ घेतली आणि दुसऱ्याकडून नाममात्र.

याचा स्फोट १९८४ च्या जानेवारीत झाला. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर उतरला. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के योजना त्या रक्तातून आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सामाजिक सोयींसाठी कपात होऊन हातात पडणार पावणेनऊ टक्के, पण तत्त्व मान्य झालं की वाढीत शेतकऱ्याचाही हक्क आहे. फक्त उशीर इतका झाला की अनेकांनी भूखंड हातात यायच्या आधीच, घरातल्या अडचणीपायी, बिल्डरशी करार करून टाकले. वाढ पुन्हा तिसऱ्याच्याच खिशात.

इंग्लंडचाही अनुभव असाच. तिथे १९४७ च्या कायद्याने विकासामुळे होणाऱ्या वाढीवर शंभर टक्के आकार लावला. काहीच हाती राहत नसेल तर जमीन विकायची कशाला, असं मालकांना वाटलं. सरकार बदललं आणि काही वर्षांतच तो आकार रद्द झाला.

आता आजचं बघा. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली. मग सिडको वसाहतींना मागच्या तारखेपासून मालमत्ता कराची बिलं आली. सिडकोचं सेवा शुल्क भरलेलं असताना हा दुहेरी कर कशाला, म्हणून कळंबोली, खारघर, कामोठ्यातले लोक भांडले. शेजारी नैनात शेतकरी विचारतोय की चाळीस टक्के जमीन मला आणि साठ टक्के योजनेला, हे कुठलं गणित? दोन्हीकडचं दुखणं एकच: वाढ मोजणार कोण आणि भरणार कोण?

माझं मत सांगतो. वाढीतला वाटा समाजाला मिळायलाच हवा. पण तो सगळ्यांकडून घ्या, फक्त सातबारावाल्याकडून नको. आणि पैसा खरोखर हातात येतो तेव्हा घ्या. विक्रीच्या वेळी घ्या, किंवा बिल्डरला वाढीव एफएसआय मिळते तेव्हा घ्या. पेन्शनवर जगणारे काका त्याच दोन खोल्यांत राहतायत. वाढलेल्या भावाने त्यांची भाजी येत नाही. आणि कळंबोलीतून गोळा झालेला पैसा कळंबोलीच्या नाल्यांवर, रस्त्यांवर किती लागला, त्याचा हिशेब दरवर्षी प्रभागात लावा.

जुन्या गावठाणातल्या मंडळींना विनंती. तुमच्या घरात एकरी काय मिळालं आणि साडेबारा टक्क्यांचं पुढे काय झालं, ते खाली लिहा. नव्या सेक्टरमधल्या आम्हा लोकांना ते ठाऊक असायला हवं.