अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा व बचावाचा वकील (रोहिणखेड परिसर)

गांजा, चरस, अफू, हेरॉइन, मेफेड्रोन (एमडी) असे पदार्थ परवानगीवाचून ताब्यात ठेवणे हा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 खालील गुन्हा आहे. 14 नोव्हेंबर 1985 पासून अमलात असलेल्या या कायद्याला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. रोहिणखेड (ता. मोताळा, जि. बुलढाणा) हा शेतीचा मुलूख. त्यामुळे येथील वाचकाला सर्वांत जवळचा प्रश्न गांजाचा, आणि तोही अनेकदा तुरी-कपाशीच्या ओळींत सापडलेल्या झाडांचा.

शिक्षा ठरते वजनावर. गांजा 1 किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’ : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोहून अधिक असेल तर ‘व्यापारी प्रमाण’ : किमान 10, कमाल 20 वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड. मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत. चरसाच्या या सीमा 100 ग्रॅम व 1 किलो, हेरॉइनच्या 5 व 250 ग्रॅम, तर एमडीच्या 2 व 50 ग्रॅम आहेत. लागवडीला मात्र वजनाची पायरी नाही. झाडे थोडी असली तरी शिक्षा 10 वर्षांपर्यंत जाऊ शकते.

म्हणूनच काय मोजले, हा बचावाचा पहिला प्रश्न. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया त्यात येत नाहीत. मुळासकट उपटलेले, मातीने भरलेले ओले झाड काट्यावर ठेवून आलेला आकडा पंचनाम्यात उतरला, तर अल्प प्रमाणाचे प्रकरण व्यापारी प्रमाणाचे दिसू लागते. त्या एका आकड्यापायी माणूस वर्षानुवर्षे आत राहू शकतो, कारण व्यापारी प्रमाणात कलम 37 लागते : आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना अशा प्रकरणांत 180 दिवस मिळतात.

दुसरा प्रश्न ताब्याचा. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. सातबाऱ्यावर नाव बापाचे, वहिवाट भावाची आणि शेत बटईने तिसऱ्याकडे, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. तेव्हा लागवड कोणी केली हे सिद्ध करावे लागते. आपोआप उगवलेल्या झाडांची शक्यता लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये एका शेतकऱ्याला निर्दोष सोडले होते. कलम 35 व 54 ची गृहीतके आरोपीच्या विरोधात जातात हे खरे, पण ताबा आधी सरकार पक्षाने दाखवायचा असतो.

तिसरी बाब कार्यपद्धतीची. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला सांगणे बंधनकारक आहे (कलम 50, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल, 2010). पिशवी किंवा गाडीच्या झडतीला हे कलम लागू होत नाही. घराच्या झडतीआधीची माहिती लिहून 72 तासांत वरिष्ठांना पाठवणे (कलम 42), दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढणे (कलम 52अ), मुद्देमालाची मोहोर, प्रयोगशाळेचा अहवाल या प्रत्येक टप्प्याची कागदपत्रे वकिलाने स्वतः वाचायला हवीत. मात्र प्रत्येक चुकीने आरोपी आपोआप सुटत नाही, आणि तसे सांगणारा वकील फसवतो आहे.

वकील निवडताना जामिनाचे किती अर्ज केले यापेक्षा एनडीपीएसचे किती खटले निकालापर्यंत चालवले, पंचांची व तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी तो स्वतः घेणार का, हे विचारावे. फी कशाकशाची आहे ते लिहून घ्यावे. ‘हमखास जामीन’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. निकालावर ठरणारी फी आणि जाहिरात दोन्ही बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहेत. एकाच गुन्ह्यातील दोघांचे म्हणणे परस्परविरोधी असेल तर वकील वेगवेगळे घ्यावेत. तीन वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे सत्र न्यायाधीशाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयात चालतात आणि उच्च न्यायालयासाठी नागपूर खंडपीठ गाठावे लागते. तेव्हा या दोन्ही ठिकाणी काम सांभाळणारा वकील हवा.

पैसा नसणे ही अडचण असली तरी बचाव सोडून देण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील प्रत्येकाला, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करतात. त्या पहिल्याच रिमांडला ‘मला वकील हवा’ हे स्पष्ट सांगावे. घरच्यांनी बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा 15100 या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा.