शिकवणाऱ्याचा देह

मराठीत माणसाच्या देहाची टवाळी करणारे शब्द एकत्र मांडून पाहिले, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. लठ्ठपणासाठी जेवढे शब्द आहेत, जवळजवळ तेवढेच रोडपणासाठीही आहेत. ढोल्या, लठ्ठंभारती, भोपळा एकीकडे. लुकडा, पाप्याचे पितर, काडीपैलवान दुसरीकडे. यांतला ‘काडीपैलवान’ हा शब्द फारच बोलका आहे. त्यातला उपहास नुसत्या बारीक असण्याचा नाही. बारीक असून पैलवानकीचा आव आणण्याचा आहे. व्यायाम करणाऱ्याने कसे दिसले पाहिजे, याविषयीची एक अपेक्षा या एका शब्दात घट्ट बसलेली आहे. ही अपेक्षा शिकणाऱ्यापाशी न थांबता शिकवणाऱ्यापर्यंत केव्हा आणि कशी पोचली, याचा थोडा माग काढावा असे आम्हांला वाटले. आम्ही भाषेचे अध्यापक. व्यायामशास्त्राशी आमचा संबंध वाचनापुरताच. पण शिकवणाऱ्याकडे वर्ग कसा पाहतो, हा विषय आमच्या अगदीच परका नाही.

तालमीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रातील मल्लविद्येची लेखी परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि मल्लखांब यांचे उल्लेख आहेत. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे मानले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन अवाढव्य मल्ल आले; त्यांच्यापुढे कोणी उभे राहीना; तेव्हा देवधरांनी सप्तशृंगीच्या डोंगरात वानरांच्या हालचाली पाहून मल्लखांबाची विद्या हस्तगत केली आणि त्यांतल्या एकाला चीत केले, अशी कथा परंपरा सांगते. त्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मराठी व्यायामपरंपरेने आपल्या आद्य गुरूची जी गोष्ट जपली, तिच्यात अवाढव्य देह प्रतिस्पर्ध्याचा आहे आणि गुरूकडे आहे ती चपळाई.

तालमीतल्या वस्तादाचे पोट हा तर कधी चर्चेचा विषयच नव्हता. उमेदीत दूध, तूप, बदामाचा खुराक आणि त्याला तोडीस तोड जोरबैठका. पुढे लढणे थांबते, मेहनत कमी होते, खुराकाची सवय मात्र लवकर सुटत नाही. मग छातीचे मांस पोटावर उतरते. असा वस्ताद हौदाच्या कडेला बसून नुसत्या आवाजाने पोरांचे डाव सुधारतो, आणि त्याचा अधिकार त्याच्या दंडांवरून कोणी मोजत नाही. तो मोजला जातो त्याच्या पठ्ठ्यांच्या कुस्त्यांवरून. कोल्हापूरच्या गणपतराव आंदळकरांनी १९६० साली हिंदकेसरी पद मिळवले, १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले आणि नंतरचे दीर्घ आयुष्य न्यू मोतीबाग तालमीत शिकवण्यात घालवले. म्हाताऱ्या वस्तादाला ‘आधी तुमचे पोट पाहा’ असे म्हणण्याची कोणा पठ्ठ्याची छाती झाली असती, असे आम्हांला वाटत नाही. अर्थात तालमीला फार सोज्वळ ठरवण्याचेही कारण नाही. तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि किरकोळ अंगाच्या पोराची हेटाळणी सर्रास होई. पण ती हेटाळणी शिकणाऱ्याची होती. शिकवणाऱ्याला वयाचे आणि देहाचे माफीपत्र मिळालेले होते.

हे माफीपत्र रद्द होण्याची सुरुवात छायाचित्राने केली, असे आमचे मत आहे. युजेन सॅंडो हे नाव आज विस्मृतीत गेले असले, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या सुशिक्षित मराठी घरांत ते चांगलेच परिचित होते. जर्मनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या माणसाने रंगमंचावर वजने उचलण्यापासून सुरुवात केली; पण लोकांना उचललेल्या वजनापेक्षा उचलणारे स्नायू पाहण्यात अधिक रस आहे, हे त्याने ओळखले. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल होता. तिथे कोणी कोणाला पाडायचे नव्हते. उभे राहून दिसायचे होते. पुढे १९०४-०५च्या सुमारास सॅंडोने भारताचा दौरा केला. त्याची पुस्तके, डंबेल्स आणि टपालाने मिळणारे व्यायामाचे धडे यांचा प्रसार झाला, आणि या साऱ्या व्यापाराची जाहिरात एकच होती: खुद्द सॅंडोचा देह. शिक्षकाचे शरीर हेच त्याचे प्रमाणपत्र, ही कल्पना आपल्याकडे अशी टपालाने आली.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे या वळणावरचे एक लक्षणीय नाव. तरुणपणी काही वर्षे ते सॅंडोच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९३८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले तेव्हा ते सत्तरीला आले होते. स्वतःच्या देहाचा दाखला तेही देतात, पण तो आकाराचा नसतो. आजार नाही, थकवा नाही, म्हातारपण जाणवत नाही, असा तो दाखला आहे. सॅंडोचा देह पाहायचा होता. भवानरावांचा देह त्यांनी सांगायचा आणि आपण ऐकायचा होता. हा फरक बारीक आहे, पण तो नजरेआड करू नये.

आता पुण्याकडे येऊ, कारण या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग पुण्यातच घडला. १९३७ साली डेक्कन जिमखान्याने सहा महिन्यांसाठी एक योगशिक्षक बोलावला. डॉ. व्ही. बी. गोखले या निवृत्त सिव्हिल सर्जनांनी म्हैसूरच्या टी. कृष्णम्माचार्यांकडे शिक्षकाची मागणी केली होती. त्यांनी आपला मेहुणा धाडला, मुख्यतः त्याला थोडेफार इंग्रजी येत होते म्हणून. हा मेहुणा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. वय अठरा. क्षय, हिवताप आणि विषमज्वर यांनी बालपणीच पोखरलेला देह; हातपाय काटकुळे, आणि डोके शरीराला जड वाटावे असे. लहानपणीच्या आपल्या रूपाचे हे वर्णन त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा केले आहे. खुद्द कृष्णम्माचार्यांनाही हा मुलगा योगाच्या लायक वाटला नव्हता. त्यांचा आवडता शिष्य केशवमूर्ती एका जाहीर प्रात्यक्षिकाच्या तोंडावर घर सोडून निघून गेला, तेव्हा नाइलाजाने त्यांचे लक्ष या मुलाकडे गेले.

असा हा मुलगा पुण्याच्या जिमखान्यावर आणि कॉलेजांत शिकवू लागला. समोरचे विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे, शिक्षणाने पुढे आणि अंगापिंडाने कितीतरी धडधाकट. त्याला मराठी येत नव्हते, मॅट्रिकची परीक्षा तो उत्तीर्ण झालेला नव्हता, डोक्यावर शेंडी होती. विद्यार्थी त्याला हसत. आमच्या मते त्या हसण्यात भाषा, प्रांत, शिक्षण आणि देह यांचा तिरस्कार असा काही मिसळला होता, की तो सुटा करून दाखवणे अवघड. देहाविषयीचा पूर्वग्रह बहुधा एकटा येत नाही. तो आणखी कशाच्या तरी सोबतीने येतो. या मुलाजवळ उत्तर म्हणून एकच मार्ग होता, दिवसाचे कित्येक तास सराव करण्याचा. पुढे डॉ. गोखले व्याख्यान देऊन शरीररचना समजावत आणि अय्यंगार आसने करून दाखवत. जिमखान्याची नोकरी काही वर्षांत संपली, हलाखीचे दिवस आले, पण ते पुण्यातच राहिले. १९६६ साली ‘लाइट ऑन योगा’ निघाले. १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार संस्था उभी राहिली. २०१४ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे पुण्यातच निधन झाले.

अय्यंगारांच्या पद्धतीत दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या, पट्टे आणि लोड यांना जे स्थान मिळाले, त्यामागे त्यांचा स्वतःचा दुबळा देह असावा, असे आम्हांला वाटते. ज्याच्या देहाने एकेकाळी साथ नाकारली, त्यालाच देहाला टेकू द्यावा असे सुचते. धडधाकट गुरूने बहुधा ‘वाका’ एवढेच सांगितले असते.

कुस्तीच्या क्षेत्रातही याच सुमारास असे एक उदाहरण घडले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना, अंगकाठी लहान म्हणून तिथल्या क्रीडाशिक्षकाने त्यांना वार्षिक स्पर्धेत उतरू दिले नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि कुस्त्या मारल्या. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले, त्याआधी प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. नजरेने माप घेणाऱ्या त्या क्रीडाशिक्षकाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, की हडपसर ओलांडल्यावर लोणी काळभोर लागते. राज कपूर यांचा ‘राजबाग’ हा मळा याच गावात होता. आज त्या जागी शिक्षणसंस्था आहे. रस्त्याच्या दुतर्फा जिमच्या पाट्या आहेत, आणि त्या प्रत्येक पाटीवर कोणा ना कोणाचा तरी उघडा, तेल लावलेला, फासळ्यांखालचे सहा चौकोन दाखवणारा देह आहे. हा देह बहुतेक वेळा परदेशी असतो. या परिसरात आणि आसपासच्या गावांत यात्रेला कुस्त्यांचे फड अजून लागतात. तिथे निवाडा कोण पडले यावर होतो. जिममध्ये पडण्याचा प्रश्नच नाही. ‘ट्रेनर’ होऊ पाहणारा पोरगा शरीरशास्त्राचे पुस्तक घेण्याआधी प्रोटीन पावडरचा डबा घेतो, आणि त्याचे गणित चुकीचे आहे असे म्हणवत नाही. गिऱ्हाईक पुस्तक पाहत नाही, दंड पाहते. २०१६ सालच्या ‘दंगल’मध्ये आमीर खानने प्रौढ वस्तादासाठी वजन वाढवले, पोट आणले, ते पोट त्या भूमिकेचे सत्य होते. चर्चा मात्र झाली ती नंतर त्याने ते कसे उतरवले याची.

मुलींच्या बाबतीत हे माप आणखी कडक आहे. आमची एक माजी विद्यार्थिनी योगशिक्षणाचा अभ्यासक्रम रीतसर पूर्ण करून एका व्यायामशाळेत काम मागायला गेली. तिचे प्रमाणपत्र न उघडताच तिला सांगण्यात आले, की आधी स्वतः बारीक व्हा, मग बायकांना शिकवा. ती अंगाने जाड आहे. पद्मासनात तासभर ताठ बसते. पाठदुखीच्या चार शेजारणी तिच्याकडे नियमित येतात. तिने आम्हांला विचारले, की जाड बाईने योग शिकवल्याचे एखादे उदाहरण आहे का.

आहे, आणि ते पुण्यातच आहे. अय्यंगारांच्या ज्येष्ठ कन्या गीता अय्यंगार यांना बालपणी मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला होता. त्यातून त्या योगाभ्यासाच्या आधाराने सावरल्या, त्यांनी स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे अनेक दशके शिकवले. उत्तरायुष्यात त्यांचा देह चांगलाच स्थूल होता, चालणे त्रासाचे झाले होते. तरी देशोदेशीचे योगशिक्षक त्यांच्याकडून शिकायला पुण्यात येऊन राहत. डिसेंबर २०१८मध्ये वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त बालेवाडीत हजाराहून अधिक साधकांचे शिबिर भरले होते. तिथे व्यासपीठावरून त्यांनी शिकवले. १४ डिसेंबरला शताब्दीचा दिवस झाला आणि १६ डिसेंबरला त्या गेल्या.