कचरासंकलन, लघुवाहनांद्वारे

दाट वस्तीच्या नगरांत घरोघरचा कचरा गोळा करून तो मोठ्या वाहनापर्यंत अथवा प्रक्रियाकेंद्रापर्यंत पोहोचविण्यासाठी हलकी मालवाहू वाहने वापरण्याची पद्धत. सर्वसाधारणपणे एक टनापेक्षा कमी भार वाहणारी तीनचाकी व चारचाकी वाहने यांत मोडतात. घंटागाडी, छोटा हत्ती, टिपर ही त्यांची लोकव्यवहारातील नावे होत. भारतात या पद्धतीचा इतिहास अवघ्या तीन दशकांचा आहे. परंतु ज्या अडचणीवरील उपाय म्हणून ती आली, ती अडचण बरीच जुनी आहे. कचरा साठतो गल्लीत आणि मोठे वाहन उभे राहते हमरस्त्यावर. या दोहोंमधील शे-दोनशे मीटरांचे अंतर दीर्घकाळ माणसाच्या डोक्यावरील पाटीनेच कापले.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८६५ च्या अधिनियमानंतर पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत नगराच्या सफाईला व्यवस्थित रूप येऊ लागले. तथापि जुन्या वस्तीत दोन इमारतींमध्ये सोडलेल्या अरुंद घरगल्ल्यांत कोणतीही गाडी शिरत नसे. त्या साफ करण्याचे काम परंपरेने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील सफाई कामगारांकडे होते. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा घाण आणि दाटी या दोन्ही गोष्टी शासनाला एकदमच दिसल्या [⟶ प्लेग]. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. १९०६ मध्ये कुर्ला–चेंबूर हा लोहमार्ग टाकण्यात आला, तो मुख्यतः नगराचा कचरा वाहून नेण्यासाठी. उतारूंसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आली. म्हणजे नगराबाहेरचा प्रवास आगगाडीने आणि घरापासून गाडीपर्यंतचा पाटीने, अशी ही व्यवस्था होती. यंत्र प्रथम लांबच्या पल्ल्यासाठी आले. जवळच्या पल्ल्यासाठी माणूस स्वस्त होता, हे त्यामागील साधे कारण होय.

स्वातंत्र्योत्तर काळात बहुतेक नगरपालिकांनी कचराकुंडी आणि मालमोटार यांवर भिस्त ठेवली. नागरिकाने कचरा कुंडीपर्यंत न्यावा, मालमोटारीने तो तेथून उचलावा, अशी कल्पना. प्रत्यक्षात कुंडीभोवती कचरा सांडे; गुरे व कुत्री तो विस्कटीत आणि कामगारांना तो फावड्याने पाटीत भरून मोटारीत चढवावा लागे. एकच कचरा तीन-चार वेळा हाताळला जाई. वास्तविक, गल्लीत शिरू शकेल असे वाहन याच काळात उपलब्ध झाले होते. इटलीतील प्याज्यो कंपनीने कोर्रादीनो दास्कानियो यांच्या अभिकल्पानुसार १९४८ मध्ये ॲपे ही तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली (इटालियन भाषेत ‘ॲपे’ म्हणजे मधमाशी). १९५८ मध्ये जर्मनीच्या टेंपो कारखान्याच्या परवान्याने तीनचाकी मालवाहू वाहने भारतात तयार होऊ लागली आणि ‘टेंपो’ हे व्यापारी नाव मराठीत पाहता पाहता सामान्यनाम होऊन बसले. भाजी, फर्निचर, गणपतीची मूर्ती यांपैकी काहीही टेंपोतून जाई; कचरा मात्र क्वचितच. उणीव वाहनाची नव्हती. कचरा दारातून उचलणे हे नगरपालिकेचे काम आहे, हेच मान्य झाले नव्हते.

ही समजूत बदलण्यास सुरतची साथ कारणीभूत झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची लागण झाल्याच्या वार्तेने लाखो लोकांनी नगर सोडले. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि २००० मध्ये केंद्र शासनाने नागरी घनकचऱ्याचे नियम जारी केले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली. महाराष्ट्रात नाशिकने त्यापूर्वीच, १९९० नंतरच्या दशकात, घंटागाडीचा प्रयोग केला होता. ठरल्या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, घंटा वाजते आणि लोक कचरा घेऊन खाली उतरतात, इतकी ही पद्धत सोपी. घंटेला येथे तांत्रिक महत्त्व आहे. कारण गाडी फार वेळ थांबू शकत नाही.

योग्य वाहनेही याच सुमारास स्वस्तात मिळू लागली. १९९९ पासून बारामती येथे ॲपेचे उत्पादन होऊ लागले. २००५ मध्ये टाटा एस ही चारचाकी गाडी बाजारात आली. सु. ७०० घ. सेंमी. क्षमतेचे दोन सिलिंडरांचे डीझेल एंजिन, १६ अश्वशक्ती, पाऊण टन भारक्षमता आणि सु. दीड मी. रुंदी ही तिची वैशिष्ट्ये. माणशी रोज ४०० ग्रॅ. कचरा धरल्यास पाच माणसांच्या घरातून २ किग्रॅ. कचरा निघतो, म्हणजे एका खेपेत सु. ३७५ घरे होतात. प्रत्येक घरासाठी अर्धे मिनिट धरले, तरी खेपेला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. भारतीय कचरा ओला व जड असतो. त्याची घनता साधारणपणे दर घ. मी.ला ४०० ते ५०० किग्रॅ. भरते. पाऊण टन कचरा त्यामुळे दोन घ. मी.पेक्षा कमी जागेत मावतो. पाश्चात्त्य देशांतील कचऱ्यात कागद व वेष्टने अधिक असल्याने तो हलका व फुगीर असतो आणि म्हणून तेथे दाबयंत्र बसविलेली अवजड वाहने किफायतशीर ठरतात. ती जशीच्या तशी आपल्या गल्ल्यांसाठी विकत घेणे, हा अनुकरणाचा दोष होय.

कैरोमध्ये या दोषाची किंमत मोजावी लागली. तेथील जब्बालीन हे वरच्या ईजिप्तमधून आलेले, बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती स्थलांतरित, दारोदार फिरून गाढवगाड्यांतून कचरा नेत आणि त्यातील फार मोठा भाग वेगळा करून पुन्हा उपयोगात आणीत. १९९० मध्ये गाढवगाड्यांवर बंदी आल्यावर त्यांनी लहान मालमोटारी घेतल्या. ज्यांची ऐपत नव्हती ते मागे पडले. २००३ मध्ये स्पॅनिश व इटालियन कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके देण्यात आले. त्यांच्या मोठ्या गाड्या अरुंद गल्ल्यांत शिरेनात आणि लोक रस्त्यावरील पेट्यांपर्यंत कचरा आणीनात. अखेर कंपन्यांना जब्बालीनांकडूनच काम करवून घ्यावे लागले.

लघुवाहन आले म्हणजे कष्ट संपले, असे मात्र नव्हे. कचरावेचकांची उपजीविका सुक्या कचऱ्यावर चालते. दारातला कचरा ठेकेदाराच्या गाडीत गेला की, त्यांचा त्यावरील हक्क बुडतो. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने हा धोका वेळीच ओळखला. तिच्या पुढाकाराने ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेशी तिचा करार झाला. त्यानुसार कचरावेचक सभासद, मुख्यतः स्त्रिया, ढकलगाडी घेऊन दारोदार जातात, घरांकडून शुल्क घेतात, सुका कचरा विकण्यासाठी ठेवतात आणि ओला कचरा महानगरपालिकेच्या वाहनात देतात. वाहन येथे माणसाला बाजूस सारीत नाही; ते त्याच्या मागून येते. मुंबईत ठेक्यावरील सु. २,७०० कचरा वाहतूक कामगारांना महानगरपालिकेच्या सेवेत कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तोही दीर्घ लढ्यानंतर.

२०१६ च्या नियमांनी घरपातळीवर ओला, सुका व घातक अशा वर्गीकरणाचा आग्रह धरल्यापासून लघुवाहनांच्या आतील रचना बदलली आणि त्यांत स्वतंत्र कप्पे आले. इंदूरने या सुमारास कुंड्या काढून टाकून सर्व नगरात अशा टिपरांचे जाळे उभारले. २०१७ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात ते प्रथम आले. त्याच्या यशात हस्तांतरण केंद्रांचा वाटा मोठा आहे. कचराभूमी वीस किमी. दूर असेल, तर पाऊण टनासाठी चाळीस किमी.ची फेरी परवडत नाही. म्हणून लहान गाड्या जवळच्या केंद्रात रिकाम्या होतात आणि तेथून दाबलेला कचरा मोठी वाहने नेतात. जेथे हे केंद्र नाही, तेथे लहान गाड्या दिवसातला बराच वेळ हमरस्त्यावरच काढतात. जेथे ठेकेदाराला वजनावर मोबदला मिळतो, तेथे कप्पे असूनही कचरा एकत्र होतो, कारण ओला कचरा व माती काटा जड करतात.

दीड मी. रुंदीच्या गाडीलाही मर्यादा आहेच. मुंबईच्या अनेक झोपडवस्त्यांतील बोळ एक मी. रुंदही नसतात आणि डोंगरउतारावरील वस्त्यांत त्यांच्या पायऱ्या होतात. तेथे ढकलगाडीचाही उपयोग नसतो. कचरा पाटीत किंवा गोणीत भरून डोक्यावरून गल्लीच्या तोंडाशी आणावा लागतो.