गुन्हा नाही, तरी तुरुंग : ‘योग्य ताबा’ या दोन शब्दांचा इतिहास

#थ्रेड

१/ रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर त्याला न्यायचे कुठे? या साध्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर द्यायला भारतातील कायद्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

२/ १८५८. कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले, त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा संमत झाला. भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यांना पकडून दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे हे दारोग्याचे कर्तव्य ठरले. रोगाची पहिली पारख वैद्याआधी पोलिसाकडे आली.

३/ १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ने हा अधिकार कायम ठेवला. शब्द होता ‘अटक’. डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत दंडाधिकारी अशा व्यक्तीस एका वेळी १० व एकूण ३० दिवसांपर्यंत ‘योग्य ताब्यात’ ठेवू शकत असे.

४/ योग्य म्हणजे कोणता, हे त्या कलमाने सांगितले नाही. मनोरुग्णालये मोजकी आणि दूर होती. तुरुंग जवळ होता. कायद्यातील रिकामी जागा तुरुंगाने भरली.

५/ पश्चिम बंगालच्या तुरुंगांत तर ‘गुन्हेगार नसलेले वेडे’ असा स्वतंत्र वर्गच होता. या माणसांना शिक्षा झालेली नव्हती. म्हणूनच त्यांच्या सुटकेची तारीखही ठरलेली नव्हती.

६/ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला पत्रकार शीला बारसे यांनी. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयीचा १९८३ चा निकालही त्यांच्याच पत्रातून घडला होता.

७/ ऑगस्ट १९९३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला : गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे.

८/ त्याच वर्षी एप्रिलमध्ये १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला होता. ‘अटक’ जाऊन ‘संरक्षण’ आले. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक झाले.

९/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० ने अखेर जागा निश्चित केली. २४ तासांच्या आत जवळचे सार्वजनिक आरोग्य केंद्र. पोलीस कोठडी वा तुरुंग कोणत्याही परिस्थितीत नाही.

१०/ याच कलमानुसार, रुग्ण बेघर असल्यास पोलिसांनी ‘हरवलेली व्यक्ती’ अशी नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा आहे. पकडण्याचा अधिकार आजही पोलिसांकडेच आहे. मात्र ज्याला समाजापासून दूर करायचे, तो माणूस आता कायद्याच्या लेखी कुणाचातरी हरवलेला आप्त आहे.