लोकनायक अणे यांचा राजीनामा

यवतमाळास वकिली करणारे माधव श्रीहरी अणे पुढे बिहारचे राज्यपाल झाले, हे आम्हां सरकारी नोकरांस चटकन आठवते. परंतु त्यांच्या चरित्रातील जे प्रकरण आम्हांस वारंवार विचारात पाडते, ते पद मिळण्याचे नसून पद सोडण्याचे आहे.

1880 साली वणी येथे जन्मलेले अणे हे टिळकांचे अनुयायी. 1930 च्या जुलैमध्ये पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. जातीय निवाड्याविषयी काँग्रेसचे धोरण पटेना, तेव्हा 1934 मध्ये मालवीयांसह त्यांनी वेगळा पक्ष काढला.

1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. जुन्या सहकाऱ्यांस हे रुचले नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेत्यांची धरपकड झाली, तरीही ते पदावर राहिले. नोव्हेंबरात प्राध्यापक भन्साळी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी मागत दिल्लीस त्यांच्याच घरी उपोषणास बसले. चिमूर म्हणजे अणे यांच्याच मुलखातील गाव! पोलिसांनी भन्साळींना सेवाग्रामला पोचविले. त्यांचा उपवास 63 दिवस चालला.

10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांच्या सुटकेचा आग्रह मानला गेला नाही, तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनी 17 तारखेस पदे सोडली. निवेदन चार ओळींचे: मूलभूत प्रश्नावर मतभेद झाला, सबब पदावर राहणे शक्य नाही. व्हाइसरॉयविषयी एकही कटू शब्द नाही. राजीनाम्याचा मसुदा आम्हीही प्रत्येक जाचक शेऱ्यानंतर मनातल्या मनात करतो आणि पगाराच्या दिवशी फाडून टाकतो. म्हणून त्या चार ओळींचे मोल आम्हांस अधिक कळते.

राजीनामा ऑगस्टातच द्यावयास हवा होता, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. त्याच वर्षी अणे सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, हेही पुष्कळांस उमगले नाही. आमच्या मते वकिलीचा संस्कार येथे दिसतो: एका मुद्द्यावर भांडण झाले म्हणजे सारे खटले सोडावयाचे नसतात. पटो वा न पटो, त्यात लपवाछपवी नव्हती.

1948 ते 1952 ते पाटण्यास राज्यपाल होते. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर, 1959 मध्ये, नागपूरचे खासदार म्हणून पुन्हा दिल्लीस आले, ते वेगळ्या विदर्भाचा कैवार घेऊन. 26 जानेवारी 1968 रोजी ते निवर्तले. टिळकांवरील त्यांच्या संस्कृत काव्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1973 मध्ये.