पेन्सिल, शाई आणि मोबाईल

सातबारा हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण मुळात ते दोन वेगळे नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो, जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो, यंदा तिच्यात काय पेरलं. साताचं आयुष्य पिढ्यांचं, बाराचं हंगामाचं. एकाच कागदावर वर-खाली नांदतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

हे आज आठवायचं कारण मात्र मोबाईलची ॲप्स. हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते अख्ख्या ॲपचा कोड लिहून देतं. आमच्या एका भाच्याने असंच एक ॲप करून घेतलं, ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब ठेवायला. कुठल्या कोयत्याने किती उचल घेतली, किती टन तोडला, किती फिटलं, किती बाकी. बीड जिल्ह्यात हा हिशेब म्हणजे काय असतो ते इथल्या वाचकांना सांगायला नको. एक आकडा चुकला की पुढचा हंगाम त्या आकड्यापायी जातो. ॲप दिसायला देखणं होतं. पण आकडे भरताना मध्येच फोन आला, आणि बोलून परत आलं तर सगळे रकाने कोरे!

प्रोग्रामर मंडळी या दुखण्याबद्दल बोलताना दोन शब्द वापरतात, स्टेट आणि लाइफसायकल. या घडीला ॲपला काय काय आठवतंय ते स्टेट. पडदा कधी जन्मतो, कधी झोपतो, कधी मरतो ते लाइफसायकल. आठवण एकाच्या आयुष्याला बांधलेली असली की तो गेल्यावर तीही जाते. एवढीच गोष्ट. पण ती महसूल खात्याला फार आधी कळली होती असं मला वाटतं.

थोडा इतिहास सांगतो. 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद. कागदपत्रं उर्दूत, आणि वर्ष फसली, म्हणजे नावातच पीक. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान संपलं. 1954-55 साली गावोगाव खासरा पाहणी झाली, कुठला सर्व्हे नंबर कुणाचा आणि कोण कसतंय ते लिहिलं गेलं. जमिनीचा जुना वाद निघाला की मराठवाड्यात आजही कुणीतरी म्हणतंच, "आधी खासरा पत्रक काढा." 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1966 चा जमीन महसूल कायदा आला. राजवटी बदलल्या, लिपी बदलली, नमुने बदलले. तरी नोंदीचा धागा टिकला.

तो कसा टिकतो, याचं उत्तर गाव नमुना सहात आहे. ही फेरफार नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, कुणी वारलं, तर तलाठ्याने थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करायची नाही. (2024 मध्ये शासनाने त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं, पण जिभेला वळण तलाठ्याचंच.) आधी नोंदवहीत अनुक्रमांकाने फेरफार धरायचा. संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला 15 दिवस द्यायचे. मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करणार, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल. नात्यातले एक निवृत्त तलाठी सांगतात की हाताने लिहायच्या काळात तोवरची नोंद पेन्सिलने असायची, मंजुरीनंतर शाईने. आणि जुनं नाव पुसायचं नाही, त्याला कंस करायचा. कोण होतं, कोण आलं, कुठल्या नंबरच्या फेरफाराने, सगळं वाचता येतं.

आता मोबाईलकडे. 2008 साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हा त्यात 192 एमबी रॅम होती. एवढ्याशा जागेत सगळ्यांना बसवायचं तर मागे गेलेल्या ॲपला मारून जागा काढायची, हा नियम तेव्हापासूनचा. फोन आडवा केला तरी पडदा मोडून नव्याने बांधला जातो. मरण्यापूर्वी चार चिजा गाठोड्यात बांधून ठेवायची सोय पहिल्यापासून होती, पण ती प्रोग्रामरने वापरली तर. 2017 साली गूगलने व्ह्यूमॉडेल दिलं, ते फोन आडवा केल्यावर टिकतं, पण ॲपच मारलं गेलं तर टिकत नाही. त्याच वर्षी रूम आलं, म्हणजे फोनमधलीच डेटाबेस वही. ती मात्र टिकते. पाटी, पेन्सिल आणि शाई, अशा पायऱ्याच म्हणा ना.

तिकडे रिॲक्टच्या जगात 2015 मध्ये डॅन अब्रामॉव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणलं. त्याचा नियम असा: स्टेट एकाच ठिकाणी, आणि त्याला थेट हात लावायचा नाही. काय घडलं त्याची नोंद पाठवायची, त्या नोंदीवरून नवं स्टेट तयार होणार. हे वाचलं आणि मला नमुना सहाच आठवला. गंमत म्हणजे फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात, आणि प्रोग्रामरही स्टेटच्या बदलाला तोच शब्द वापरतात.

मग यंत्र चुकतं कुठे? त्याला व्याकरण पाठ असतं. पण ऊसतोडीची उचल सहा महिने जपायची असते आणि शोधाच्या रकान्यातला शब्द क्षणभराचा, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? ते दोन्ही एकाच पाटीवर लिहून टाकतं. बाकी रक्कम दोन ठिकाणी साठवतं, मग दोन आकडे दोन गोष्टी सांगतात. पडदा बंद झाला तरी लोकेशन विचारत राहतं आणि बॅटरी खातं. सर्वात वाईट म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायच्या आत 'जतन झाले' असा हिरवा संदेश दाखवतं. हा पेन्सिलचा आकडा शाईचा म्हणून खपवण्याचा प्रकार झाला.

आणि प्रश्न ऊसतोडीपुरता नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. पिकात उभं राहून फोटो काढायचा. हमीभावाने विक्री असो, पीककर्ज असो, ही नोंद लागते. पाटोदा-आष्टीकडे बालाघाटाच्या कपारीत रेंज येते-जाते. तिथे उभ्या माणसाला 'फोनमध्ये आहे, अजून पोचलं नाही' आणि 'पोचलं' यातला फरक स्पष्ट दिसला पाहिजे. नाहीतर तो समाधानाने घरी जाईल आणि नोंद वाटेतच राहील.

भाच्याबरोबर बसून कागदावर तीन प्रश्न लिहिले. ही नोंद कुणाच्या ताब्यात? किती दिवस जगायला हवी? बदलली तर जुनी कुठे दिसेल? प्रत्येक रकान्यापुढे उत्तरं लिहिली आणि मग तो कागद यंत्राला दिला. आता आकडा भरताक्षणी फोनच्या वहीत जातो, न पोचलेला करडा दिसतो, पोचलेला काळा. दुरुस्ती केली की जुना आकडा कंसात.

असो. तुमच्यापैकी कुणी असं काही करून घेत असाल, तर आधी घरातला जुना सातबारा काढून पाहा. त्यावरचे कंस आणि फेरफार क्रमांक नीट वाचा. पोरांनाही दाखवा.