मुक्या तबकड्यांचा काळ

जॅझच्या इतिहासाची टिपणे काढायला मी लागलो तेव्हा माझी पद्धत साधी होती. ध्वनिमुद्रिकांच्या सूच्या तारखांनुसार लावायच्या आणि त्या क्रमाने ऐकत जायचे. कोणते संगीत कधी जन्मले हे तबकडीच सांगेल, असा माझा भरवसा होता. ‘बीबॉप’ या शैलीपाशी तो डळमळला.

१९४१च्या तबकड्यांवर मोठ्या वाद्यवृंदांचे, नाचायला लावणारे ‘स्विंग’ ऐकू येते. १९४५मध्ये मात्र चार्ली पार्करचा सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट अतिवेगवान, वळणावळणाचे, बसून लक्ष देऊन ऐकावे लागणारे काही वेगळेच वाजवू लागतात. ‘एका रात्रीत झालेली क्रांती’ असे मी वहीत लिहूनही ठेवले. ते साफ चुकीचे होते.

मधल्या काळात तबकड्याच मुक्या होत्या. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर तबकड्या वाजू लागल्याने वादकांची प्रत्यक्ष कामे जात होती. म्हणून कंपन्यांनी विक्रीतला काही वाटा संघटनेच्या निधीला द्यावा, अशी मागणी होती. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३मध्ये समझोता केला. कोलंबिया आणि व्हिक्टर नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून राहिल्या. नेमक्या याच काळात, १९४३मध्ये, पार्कर आणि गिलेस्पी अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात एकत्र वाजवत होते. त्या जोडीच्या दिवसांतली या वाद्यवृंदाची एकही व्यावसायिक तबकडी नाही. क्रांती एका रात्रीत झाली नव्हती. ती घडत असताना यंत्र बंद होते.

यंत्र चालू असते तरी सगळे सापडले असते असे नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. बालगंधर्वांची पदे ‘वन्स मोअर’ घेत रंगभूमीवर किती रंगत आणि तबकडीवर त्यांचे केवढे रूप उरले, हे आपल्याकडच्या जुन्या रसिकांना सांगायला नको. जॅझचेही तसेच होते. १९४१मध्ये हार्लेममधल्या ‘मिंटन्स प्लेहाउस’ या क्लबात जेरी न्यूमन हा हौशी विद्यार्थी स्वतःचे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जाई. चार्ली ख्रिश्चनची गिटार तिथे तबकडीच्या घड्याळाकडे न पाहता कशी वाहत होती, हे आज कळते ते त्याच्यामुळे. ख्रिश्चन मार्च १९४२मध्ये, अवघ्या २५व्या वर्षी, क्षयाने गेला.

असाच एक दुवा फार उशिरा हाती आला. १९५७मध्ये पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात काही महिने एकत्र वाजवले. ही जोडी दंतकथा बनली, पण पुरावा म्हणून स्टुडिओतल्या मोजक्या रचना आणि कोल्ट्रेनची पत्नी नाइमा हिने क्लबात टिपलेली, आवाज धूसर असलेली एक फीत एवढेच होते. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला कार्नेगी हॉलमध्ये मदतनिधीसाठी झालेली त्यांची मैफल ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने मुद्रित केली होती. त्या फिती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या. २००५मध्ये जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम चालू असताना तिथल्या लॅरी अ‍ॅपलबॉम यांच्या त्या हाती लागल्या आणि त्याच वर्षी ब्लू नोटने त्या प्रसिद्ध केल्या. मी ती मैफल ऐकली तेव्हा कोल्ट्रेनच्या वाटचालीबद्दलचे माझे एक पूर्ण पान खोडावे लागले. स्टुडिओतल्या त्या मोजक्या रचनांवरून मी त्याला मंकच्या हाताखाली चाचपडणारा शिकाऊ ठरवले होते. इथे तो बरोबरीने बोलत होता.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन रकाने आहेत : ‘वाजले केव्हा’ आणि ‘ऐकू आले केव्हा’. आजच्या वादकांच्या नोंदी करतानाही ही शिस्त मी मोडत नाही, कारण त्यांच्याही बहुतेक रात्री कोणी मुद्रित करत नाही. कार्नेगी हॉलच्या ओळीत दोन्ही रकान्यांमध्ये ४८ वर्षांचे अंतर आहे. हाइन्सच्या वाद्यवृंदातल्या त्या जोडीसमोर पहिल्या रकान्यात १९४३ लिहिले आहे. दुसरा रकाना मी कोराच ठेवला आहे.